कथेतला काळ कसा वाचावा: मागे-पुढे सरकणाऱ्या कथनाचा माग

गीतेच्या पहिल्या श्लोकात धृतराष्ट्र संजयाला विचारतो, ‘मामकाः पाण्डवाश्चैव किमकुर्वत सञ्जय’. यातले ‘अकुर्वत’ हे क्रियापद भूतकाळी आहे. माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केले, असे तो विचारतो; काय करत आहेत, असे विचारत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातले चित्र मात्र वेगळे असते. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी आहेत, पहिला बाण अजून सुटायचा आहे आणि संजय हस्तिनापुरात बसून दिव्यदृष्टीला दिसेल ते त्याच क्षणी सांगतो आहे, असे आपण धरून चालतो. भीष्मपर्व सलग वाचले की हे चित्र टिकत नाही. हा श्लोक येण्याच्या काही अध्याय आधीच संजय रणांगणावरून परतलेला असतो आणि ‘हतो भीष्मः शान्तनवो भरतानां पितामहः’ ही बातमी त्याने सांगितलेली असते. युद्धाचे दहा दिवस उलटून गेलेले असतात. पितामह पडले हे कळल्यावर आंधळा राजा मागे वळून विचारतो की हे सारे सुरू तरी कसे झाले, आणि त्या उत्तराच्या ओघात गीता येते.

एवढे ध्यानात आले म्हणून गीतेतला एकही शब्द बदलत नाही. ऐकणारा मात्र बदलतो, आणि ऐकणाऱ्याच्या शेजारी बसलेले आपणही बदलतो. कथेतला काळ वाचणे म्हणजे नेमके काय, हे मला या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही सिद्धांतावरून दिसले नाही. ज्यांना मागे-पुढे जाणाऱ्या कथा-कादंबऱ्या वाचताना वाट चुकल्यासारखे वाटते, किंवा जे वर्गात, ग्रंथालयात वा मित्रमंडळींत अशा कलाकृतींवर चर्चा घडवून आणतात, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहून काढली आहे. साहित्य फारसे लागत नाही. एक पेन्सिल, एक कोरा कागद आणि तेच पान दुसऱ्यांदा वाचण्याची तयारी पुरते.

सुरुवातीला: तीन क्रम वेगळे ठेवावेत

कोणत्याही कथेत घटना एका क्रमाने घडलेल्या असतात आणि बहुधा दुसऱ्याच क्रमाने सांगितलेल्या असतात. हा भेद रशियातील रूपवादी समीक्षकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मांडला. पुढे १९७२ साली फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी कथनातल्या काळाची तीन अंगांनी मांडणी केली: घटना कोणत्या क्रमाने सांगितल्या, प्रत्येक घटनेला किती जागा दिली आणि एखादी घटना किती वेळा सांगितली. क्रम, अवधी आणि वारंवारता हे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचे बरेच काम सोपे होते.

माझ्या अनुभवात मात्र वाचकाला सर्वांत उपयोगी पडतो तो आणखी एक क्रम, आणि तो म्हणजे कळण्याचा क्रम. निवेदकाला काय माहीत आहे, पात्राला काय माहीत आहे आणि या ओळीपर्यंत पोचलेल्या मला काय माहीत आहे, या तीन गोष्टी क्वचितच सारख्या असतात. लेखक काळ मागे-पुढे करतो तो या तिघांमधले अंतर कमी-जास्त करण्यासाठी. म्हणून घटना सरळ क्रमाने लावून दाखवणे हा या कामाचा शेवट नव्हे. बरीच वर्षे मी स्वतः कादंबरी वाचताना सालवारी काढत असे आणि ती जुळली की पुस्तक समजले असे मानत असे. प्रत्यक्षात त्या कागदावर कादंबरीतली माहिती तेवढी उतरलेली असे.

पहिली पायरी: निवेदकाचा ‘आज’ शोधावा

पहिली दोन-तीन पाने झाली की थांबावे आणि कागदाच्या माथ्यावर एक वाक्य लिहावे: सांगणारा माणूस कोणत्या दिवशी, कोणत्या वयात, कुठे उभा राहून बोलतो आहे? भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच निवेदक पांडुरंग सांगवीकर सांगून टाकतो की तो ‘आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे’. ही माहिती वरवर पाहता किरकोळ वाटते, पण सगळ्या कादंबरीचा काळ तिच्यावर टांगलेला आहे. गाव, वसतिगृह, पुणे, परतणे हे सारे पंचविशीतला तरुण मागे पाहून सांगतो. घडलेल्या गोष्टींपासून तो फार दूर गेलेला नाही, त्यामुळे त्याच्या बोलण्यात म्हातारपणीच्या आठवणींतली सावरलेली समजूत नाही. हाच मजकूर साठ वर्षांच्या पांडुरंगाने सांगितला असता तर धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचे पान असे लिहिलेच गेले नसते.

त्याच कादंबरीचा एक भाग रोजनिशीच्या रूपात आहे, आणि तिथे निवेदकाचा ‘आज’ अचानक बदलतो. आठवण सांगणाऱ्या माणसाला पुढचे ठाऊक असते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचेही ठाऊक नसते. त्यामुळे या भागात शिरताना वाचकानेही मागाहून आलेले शहाणपण बाजूला ठेवायचे असते. मी अशा जागी समासात एक आडवी रेघ मारतो, म्हणजे या रेघेखाली बोलणाऱ्याला पुढचे माहीत नाही हे लक्षात राहते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये हा ‘आज’ अधिक उघड आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातली प्रकरणे ‘रात्र’ या नावाने येतात. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे इथे काळाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. एक कोकणातल्या बालपणाचा आणि दुसरा आश्रमातल्या रात्रींचा. मुलांसाठी प्रसंग निवडून वाचले जातात तेव्हा दुसरा प्रवाह गळून पडतो आणि उरते ती बोधकथा. तो राखून वाचले तर दिसते की प्रत्येक प्रसंग आईला गमावलेला माणूस सांगतो आहे, आणि ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, हे आईचे सांगणे लहान श्यामला त्या वेळी जसे ऐकू आले, तसे ते आश्रमातल्या श्यामच्या तोंडून येत नाही.

दुसरी पायरी: क्रियापदांवर बोट ठेवावे

हे काम सर्वांत चिकाटीचे आहे आणि सर्वांत फळ देणारेही आहे, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळतो. मराठीत काळ बदलल्याची पहिली खूण बहुतेक वेळा क्रियापदाच्या शेपटाला असते. त्यासाठी मी स्वतः रचलेला हा छोटा उतारा घेऊ.

‘सुमनने किल्ली काढली. कुलूप तेच होतं, तात्यांनी मिरजेहून आणलेलं. तेव्हा तात्या दर शनिवारी येत, अंगणात पाय धूत आणि आत न येता ओसरीवरच बसत. त्या शनिवारी मात्र ते सरळ माजघरात आले होते. आई उठून उभी राहिली. बोलली काहीच नाही. पुढची वीस वर्षं ती त्या शनिवारबद्दल एक शब्दही बोलणार नव्हती. किल्ली फिरली.’

आठ छोटी वाक्ये, आणि त्यांत काळ किमान पाच वेळा सरकला आहे. ‘काढली’ हा साधा भूतकाळ कथेतले ‘आत्ता’ ठरवतो. कथेत साधा भूतकाळच वर्तमानाचे काम करतो, हे मनाशी पक्के धरावे. ‘आणलेलं’ या शब्दात पूर्ण क्रियापद नाही, तरी त्याने आपल्याला मिरजेच्या बाजारापर्यंत नेऊन परत आणले. ‘येत, धूत, बसत’ ही रूपे एका दिवसाची नाहीत. रीत सांगणारा हा भूतकाळ आहे. ‘तो येई’, ‘ती म्हणे’, ‘आम्ही जात असू’ अशा रूपांत कित्येक महिने वा वर्षे एका वाक्यात दुमडलेली असतात. पाचपन्नास शनिवार इथे एकाच शनिवारासारखे दिसतात, आणि म्हणूनच पुढच्या वाक्यातला ‘त्या शनिवारी मात्र’ हा एक शनिवार त्या रांगेतून बाहेर येऊन उभा राहतो. रीत आधी सांगितली नसती, तर ती मोडल्याचे आपल्याला जाणवले नसते.

‘आले होते’ हे रूप आपल्याला अधिक मागे घेऊन जाते. मात्र मराठीत ‘होता’ दिसला की लगेच जुना काळ असे समजू नये. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ असे आपण रोज बोलतो आणि त्यात मागच्याही मागे जाण्याचा हेतू नसतो. वाक्याच्या आजूबाजूला ‘त्या दिवशी’, ‘तेव्हा’, ‘अजून’ यांसारखा आधार आहे का, हे पाहूनच निर्णय करावा.

खरी अडचण त्यापुढच्या वाक्यात आहे. ‘आई उठून उभी राहिली’ यातले रूप पुन्हा साध्या भूतकाळाचे, म्हणजे ‘सुमनने किल्ली काढली’ यासारखेच आहे. लेखक मागच्या काळात शिरताना दारावर ‘होते’ची पाटी लावतो आणि आत गेल्यावर ती काढून ठेवतो, कारण प्रत्येक वाक्याला ‘होते’ लावत गेल्यास गद्य जड होते. हा उतारा आमच्या वाचनगटात वाचला तेव्हा दोघांची समजूत अशी झाली की आई आत्ता, बंद घरात, सुमनच्या समोर उभी आहे. त्यात त्यांच्या वाचनाचा दोष नव्हता. शिरल्याची खूण असते पण बाहेर पडल्याची खूण बहुधा नसते, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. बाहेर पडण्याची वाट बहुतेक वेळा एखाद्या वस्तूने दाखवलेली असते. इथे ती किल्ली आहे. पहिल्या वाक्यात निघालेली किल्ली शेवटच्या वाक्यात फिरते, आणि मधला सगळा काळ त्या दोन हालचालींच्या आत मावतो.

उरते ‘बोलणार नव्हती’. ‘-णार होता’ या रूपाचे मराठीत दोन अर्थ होतात आणि त्यांची गल्लत फार होते. ‘तो जाणार होता, पण राहिला’ यात बेत आहे. ‘ती वीस वर्षे बोलणार नव्हती’ यात आईचा बेत नाही; पुढचे माहीत असलेल्या निवेदकाचे हे ज्ञान आहे. अशा वाक्याखाली दोन रेघा माराव्यात आणि विचारावे, हे कोणाला माहीत आहे? त्या शनिवारी माजघरात असलेल्या कुणालाही हे माहीत असणे शक्य नाही. म्हणजे हे वाक्य दारात उभ्या असलेल्या सुमनच्या काळातून, वीस किंवा अधिक वर्षांनंतरच्या ‘आत्ता’मधून आले आहे. शिवाय वीस वर्षे ही मर्यादा का? वीस वर्षांनी एक तर आई बोलली, नाही तर बोलायला ती उरली नाही. कथा पुढे काय सांगते ते पुढे कळेलच, पण प्रश्न या एका क्रियापदाने निर्माण केला आहे.

तिसरी पायरी: सन न सांगता सांगितलेले सन ओळखावेत

मराठी कथा-कादंबऱ्यांत तारखा कमी आणि खुणा जास्त असतात. ‘प्लेगच्या साली’ म्हटले की १८९६-९७ च्या आसपासचा काळ उभा राहतो. पुण्यातल्या कथेत ‘पानशेतच्या आधी आमचे घर नदीकाठी होते’ असे आले तर पानशेत धरण फुटल्याची १२ जुलै १९६१ ही तारीख न लिहिताच लिहिली गेली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा, आणि गांधीहत्येनंतरची जाळपोळ १९४८ ची. या खुणांवरून पात्रांची वये काढता येतात आणि कधी कधी निवेदक काही लपवत असेल तर तेही उघडे पडते. ऋतू, नक्षत्रे आणि सण यांचाही असाच उपयोग होतो. मृग म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटलेला, आणि धोंड्याचा महिना आला म्हणजे मागचा धोंडा होऊन सुमारे पावणेतीन वर्षे झालेली. ज्या वाचकांचे बालपण महाराष्ट्राबाहेर गेले आहे त्यांनी या खुणा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचाराव्यात. छापील टिपांपेक्षा त्यातून अधिक हाती लागते.

चौथी पायरी: कोणत्या काळाला किती पाने दिली ते पाहावे

कागदावर दोन रकाने करावेत. एका रकान्यात किती काळ गेला ते लिहावे आणि दुसऱ्यात किती पाने गेली ते. ‘त्यानंतर सहा वर्षे गेली’ याला अर्धी ओळ आणि एका संध्याकाळच्या चहाला नऊ पाने, असा विषम हिशेब जिथे दिसेल तिथे लेखकाचे लक्ष कुठे आहे ते कळते. उलट बाजूही पाहावी. ज्या काळाला जागाच दिली नाही त्या काळात काय घडले असावे, हा प्रश्न कित्येकदा कथेच्या गाभ्याशी नेतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) काळाच्या बाबतीत अगदी सरळ चालते. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा जमवतो, दिवस जातात आणि शेवटी दुष्काळाने वाडी उजाड होते. मागे जाणे जवळजवळ नाही, तरीही काळ तिथे मोठे काम करतो. माणसे, मेंढरे, भांडणे आणि तालमीची उभारणी यांच्यावर कादंबरी सावकाश चालते, त्यामुळे वाडीची लय आपल्या अंगवळणी पडते. मग वाडी रिकामी होते ती पाहता पाहता. मंद गतीची सवय लागलेल्या वाचकाला हा वेग सोसवत नाही. सरळ कथनात काळाचा विचार करायचा नसतो, असे मानणाऱ्यांनी ही कादंबरी पाने मोजत पुन्हा वाचावी.

कथेत काळाने उडी मारली की वाचकाच्या मनाला थोडे श्रम पडतात, हे प्रयोगांतही दिसले आहे. मानसशास्त्रज्ञ रोल्फ झ्वान यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘क्षणभराने’ अशा अर्थाने सुरू होणाऱ्या वाक्यापेक्षा ‘तासाभराने’ अशा अर्थाचे वाक्य वाचायला लोकांना अधिक वेळ लागला, आणि उडीच्या आधीचा तपशील मनातून काहीसा मागे सरकला. म्हणजे प्रत्येक उडीला आपण मनातले एक चित्र आवरून दुसरे मांडत असतो. म्हणूनच प्रकरण बदलताना किंवा मधली ओळ कोरी सोडलेली दिसताना दोन क्षण थांबून आधीचे चित्र शब्दांत आठवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कथा कानांनी ऐकणाऱ्यांना ही कोरी ओळ दिसत नाही. त्यांनी तर अशा जागी ध्वनिफीत थांबवायलाच हवी.

पाचवी पायरी: तीच घटना पुन्हा आली तर दोन्ही पाने शेजारी ठेवावीत

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) नऊ भाग आहेत आणि सहा निवेदक आहेत. कर्ण चार वेळा बोलतो, आणि कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, पत्नी वृषाली व कृष्ण प्रत्येकी एकदा. निवेदक बदलला की काळ अनेकदा मागे सरकतो आणि ओळखीचा प्रसंग नव्या डोळ्यांनी येतो. अशा वेळी ‘हे तर झाले’ म्हणून पाने भराभर उलटण्याचा मोह होतो. त्याऐवजी पहिल्या वेळी न सांगितलेली कोणती गोष्ट आता आली, आणि पहिल्या वेळची कोणती गोष्ट आता गाळली, एवढेच टिपावे. कुंतीचे निवेदन वाचल्यावर कर्णाचे आधीचे शब्द आपण पूर्वीसारखे वाचू शकत नाही, कारण त्याला जे माहीत नव्हते ते आता आपल्याला माहीत असते.

सहावी पायरी: कोणाला केव्हा कळले

आता पुन्हा भीष्मपर्वाकडे वळू, कारण या पायरीसाठी त्याहून चांगली शाळा नाही. संजय आधी परिणाम सांगतो आणि मग मूळ सांगतो, हे एकदाच घडत नाही. भीष्म दहा दिवस सेनापती होते. ते पडल्याची बातमी आधी आणि दहा दिवसांचे युद्ध नंतर येते. द्रोणांचे पाच दिवस, कर्णाचे दोन दिवस आणि शल्याचा अखेरचा दिवस, या सगळ्यांच्या पर्वांत मृत्यू आधी कळतो, धृतराष्ट्र विलाप करतो आणि मग ‘कसे घडले ते सांग’ म्हणतो. एवढेच नव्हे, आदिपर्वाच्या आरंभीच ‘यदाश्रौषम्’ या शब्दाने सुरू होणाऱ्या श्लोकांच्या मालिकेत, अमुक ऐकले तेव्हाच मी विजयाची आशा सोडली, असे म्हणत धृतराष्ट्र सगळ्या महाभारताचा धावता आढावा घेतो. वाचकाला युद्ध सुरू होण्याच्या कितीतरी आधी निकाल कळलेला असतो.

मग वाचायचे कशासाठी? इस्रायली समीक्षक मायर स्टर्नबर्ग यांनी काळाच्या मांडणीतून वाचकात निर्माण होणाऱ्या तीन वृत्ती वेगळ्या केल्या आहेत, आणि इथे त्या फार उपयोगी पडतात. पुढे काय होईल याची उत्कंठा, मागे काय झाले असेल याचे कुतूहल, आणि आपल्याला काही सांगितलेच नव्हते हे अचानक कळण्याचे आश्चर्य. भीष्म पडले हे आधी सांगितल्याने उत्कंठा जाते आणि तिच्या जागी कुतूहल येते. ज्यांना इच्छामरणाचा वर होता ते पडले कसे? दहाही दिवस आपण भीष्मांचा प्रत्येक पराक्रम या प्रश्नाच्या सावलीत वाचतो. नवव्या दिवशी ते पांडवसेनेची दाणादाण उडवतात तेव्हा जिंकण्याचा आनंद वाटत नाही, कारण त्यांच्याकडे एकच दिवस उरला आहे हे आपल्याला ठाऊक असते. शेवट आधी सांगितला तर गोडी जातेच असे नाही, हे जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांच्या २०११ च्या प्रयोगातही दिसले होते. पुढच्या काही प्रयोगांत निष्कर्ष उलटही आले, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवायला नको. महाभारत ऐकणाऱ्या पिढ्यांचा अनुभव मला अधिक वजनदार वाटतो.

आता त्या पहिल्या श्लोकाशी ज्ञानेश्वरी शेजारी ठेवून पाहावी. ज्ञानदेव धृतराष्ट्राची ओळख ‘पुत्रस्नेहें मोहितु’ अशी करून देतात आणि त्याच्या तोंडी प्रश्न घालतात, ‘काय किजत असे येरयेरीं’. जुन्या मराठीतला ‘असे’ म्हणजे आजचा ‘आहे’. एकमेकांशी काय चालले आहे, असा हा वर्तमानकाळी प्रश्न आहे. संस्कृतातला भूतकाळ ओवीत येताना वर्तमान झाला आणि मराठी कानाला युद्धभूमी डोळ्यांसमोर उभी राहिली. कथनातला संजयाचा दहाव्या दिवसाचा ‘आज’ इथे मागे पडतो आणि श्रोत्यांचा ‘आज’ पुढे येतो. गीता समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी पुन्हा घडवायची होती, म्हणून हा बदल मला अगदी योग्य वाटतो. आपल्या मनात ‘थेट चाललेल्या’ युद्धाचे चित्र इतके घट्ट का बसले आहे, याचे एक कारणही मला याच ओवीत दिसते. दोन्ही वाचने खरी आहेत. फक्त महाभारतातला धृतराष्ट्र शोकाने विचारतो आणि ज्ञानेश्वरीतला अधीरतेने विचारतो, एवढा फरक कानाला ऐकू यायला हवा.

प्रत्यक्ष वाचताना या पायरीसाठी कागदावर तीन रकाने करावेत: निवेदक, पात्र, मी. महत्त्वाची प्रत्येक गोष्ट कोणाला कोणत्या पानावर कळली तेवढा पानाचा आकडा लिहावा. ‘मी’चा आकडा पात्राच्या आधीचा असेल तिथे आपल्याला त्या पात्राची काळजी वाटते, आणि नंतरचा असेल तिथे आपण त्याच्याकडे संशयाने पाहतो. हा तक्ता सगळ्या पुस्तकाचा करू नये. ज्या एका गोष्टीभोवती कथा फिरते तेवढ्यापुरता केला तरी पुरतो.

सातवी पायरी: कथा सरळ करून पाहावी, आणि मग ती सरळ प्रत बाजूला ठेवावी

सुमनचा उतारा घटनाक्रमाने असा होईल: ‘तात्या दर शनिवारी येत, अंगणात पाय धूत आणि ओसरीवरच बसत. एकदा त्यांनी मिरजेहून कुलूप आणलं. एका शनिवारी ते सरळ माजघरात आले. आई उठून उभी राहिली. बोलली काहीच नाही. पुढची वीस वर्षं ती त्याबद्दल बोलली नाही. मग एक दिवस सुमनने किल्ली काढून ते कुलूप उघडलं.’

माहिती सगळी तीच आहे. पण इथे कुलूप ही तात्यांनी आणलेली एक वस्तू आहे, आणि उघडणे हा गोष्टीचा शेवट आहे. मूळ उताऱ्यात कुलूप पहिल्यांदा भेटते तेच बंद असते आणि मग कळते की ते तात्यांचे आहे. म्हणजे ज्या माणसाने ओसरीची मर्यादा मोडली त्याचेच कुलूप या घराला आहे. सरळ प्रतीत ‘पुढे काय झाले’ असे वाटत राहते, मूळ प्रतीत ‘त्या दिवशी काय झाले’ असे वाटत राहते. ‘बोलणार नव्हती’चे ‘बोलली नाही’ झाले आणि त्याबरोबर, सुमन आता दारात उभी राहून हे सगळे आठवते आहे, ही जाणीवही नाहीशी झाली. सरळ केल्यावर जे हरवते त्याची यादी करावी. लेखकाने काळ का मोडला याचे उत्तर त्या यादीत असते. यादीत काहीच आले नाही तर मोडतोड उगीच केलेली आहे असे म्हणायला वाचकाने कचरू नये. नुसती चमक आणण्यासाठी मागे-पुढे केलेल्या कथा आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या जातात, आणि त्यांना गुंतागुंतीच्या म्हणून मान देण्याचे कारण नाही.

आठवी पायरी: दुसरे वाचन

पहिल्या वाचनात कागद जवळ ठेवू नये असे माझे मत आहे. गोंधळ झाला तर होऊ द्यावा, कारण तो गोंधळ कित्येकदा लेखकाने जाणून ठेवलेला असतो आणि पात्राच्या मनातला गोंधळही तोच असतो. वरच्या सगळ्या पायऱ्या दुसऱ्या वाचनासाठी आहेत. गटात वाचत असाल तर पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपण कुठे अडखळलो ते पान तेवढे सांगावे आणि अर्थावर चर्चा पुढच्या बैठकीला ठेवावी. अनेकांचे अडखळणे एकाच पानावर आले, तर वाचन तिथून सुरू करावे.

सुमनचा उतारा आमच्या गटात दुसऱ्यांदा वाचला तेव्हा आईबद्दल, तात्यांबद्दल, त्या शनिवारबद्दल पहिल्या फेरीतच सगळे बोलून झालेले होते. तेव्हा एका बाईंनी पहिल्याच वाक्यावर बोट ठेवले. कुलूप तात्यांनी आणलेले, घर आईचे. मग इतकी वर्षे किल्ली कोणाकडे होती, आणि सुमनच्या हातात ती कधी आली?